पोक्सोच्या खटल्यात मुलाची सोबत: नव्या सपोर्ट पर्सनसाठी पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला आणि गुन्हा दाखल झाला, की त्याच्याभोवती मोठ्या माणसांची गर्दी होते. पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, बाल कल्याण समिती, सरकारी वकील. प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं: जबाब, तपासणी, सही, साक्ष. या गर्दीत मुलाकडून काहीच न मागणारं एक माणूस असावं, अशी सोय पोक्सोच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, नियमांमध्ये आहे. कागदावर त्याला ‘सहाय्यक व्यक्ती’ म्हणतात, बोलताना सगळे सपोर्ट पर्सनच म्हणतात. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात मी हे काम काही वर्षं करते आहे. नव्याने येणाऱ्यांना जे तोंडी सांगत असते, तेच इथे लिहिते. उदाहरणांतले तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

आधी हे काम काय नाही ते

तुम्ही मुलाचे वकील नाही. खटला सरकारी वकील चालवतात, आणि मुलाच्या बाजूने स्वतंत्र वकील हवा असेल तर पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे तो घेता येतो. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. तुम्ही तपास करणारे नाही. समुपदेशकही नाही, तसं शिक्षण झालेलं असलं तरी या भूमिकेत नाही. मुलाला आणि घरच्यांना आता काय चाललंय आणि पुढे काय होणार हे त्यांच्या भाषेत सांगणं, त्यांची भीती आणि गरज योग्य त्या टेबलापर्यंत पोहोचवणं, आणि दर वेळी तोच ओळखीचा चेहरा घेऊन हजर राहणं, एवढं तुमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या सहा महिन्यांत बरेच जण गळतात, कारण त्यांना ‘काहीतरी करायचं’ असतं आणि या कामाचा मोठा भाग म्हणजे कोर्टाच्या बाकावर वाट बघणं असतो.

नाव कुठे नोंदवायचं

जिल्हा बाल संरक्षण कक्षात. हा कक्ष महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी जोडलेला असतो. सहाय्यक व्यक्ती, दुभाषे, विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवणं ही त्याची जबाबदारी आहे. बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेमार्फत गेलात तर अधिक बरं, कारण पाठीशी कुणीतरी अनुभवी असतं. समाजकार्य, मानसशास्त्र किंवा बालविकासातलं शिक्षण, किंवा मुलांसोबत काम केल्याचा अनुभव पाहिला जातो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि ती झालीच पाहिजे. त्याचा राग धरू नका. नोंदवहीतल्या व्यक्तीला मानधनाची तरतूद आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही असं नियम सांगतो. ते पैसे हातात यायला वेळ लागतो, तेव्हा घरखर्च त्याच्यावर बेतू नका.

नेमणूक मात्र बाल कल्याण समिती करते. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात असते. गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत समितीला आणि विशेष न्यायालयाला, म्हणजे पोक्सोचे खटले चालवणाऱ्या कोर्टाला, कळवायचं असतं. त्यानंतर मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने समिती सहाय्यक व्यक्ती देते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेकडे गांभीर्याने बघा असं राज्यांना बजावलं, तेव्हापासून नेमणुका वाढल्या आहेत. कुटुंबाला आपल्या विश्वासातली दुसरी कुणी व्यक्ती हवी असेल तर तीही चालते. आणि मुलाला तुम्ही नको असाल तर कारण न देता तुम्हाला बदलून मागता येतं. हे पहिल्याच भेटीत त्याला सांगा. ज्याला ‘नको’ म्हणता आलं नव्हतं, त्याला ते इथे म्हणता येतं हे कळू द्या.

पहिली भेट

भेटीआधी नेमणुकीचं पत्र, एफआयआरची प्रत आणि पोलिसांनी समितीला दिलेला प्राथमिक अहवाल वाचून घ्या. तो नमुना ‘ब’ मध्ये असतो. घटना काय ती तुम्हाला कागदावरून कळते; मुलाकडून कळून घ्यायची गरज उरत नाही.

हाच या कामाचा कणा आहे. ‘त्या दिवशी काय झालं?’ हा प्रश्न आपण विचारायचा नाही. पहिल्या भेटीत नाही, दहाव्या भेटीतही नाही. तुम्ही भेटायच्या आधी त्या मुलाने तेच आईला, शेजारच्या काकूंना, पोलीस मॅडमना, डॉक्टरांना सांगितलेलं असतं, आणि कोर्टात पुन्हा सांगायचं असतं. प्रत्येक वेळी सांगताना त्याला ते पुन्हा सोसावं लागतं. शिवाय तुमच्या प्रश्नांतून त्याच्या आठवणीत नवे शब्द शिरले, तर उलटतपासात बचावाचे वकील नेमकं तेच धरतात: हे तुला कुणी शिकवलं?

ही चूक मी केली आहे. पहिल्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलीसोबत रिक्षातून जाताना, जवळीक वाटावी म्हणून, मी विचारलं, ‘तू आईला लगेच का नाही सांगितलंस?’ माझ्या मनात दोष देणं नव्हतं. ती पुढचे दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मुलं ‘का’ ऐकतात तेव्हा त्यांना ‘तुझं चुकलं’ असं ऐकू येतं.

मग बोलायचं काय? स्वतःची ओळख द्या. तुमचं काम एका वाक्यात सांगा: ‘कोर्टाच्या कामात मी तुझ्यासोबत असेन, आणि पुढे काय होणार ते तुला आधी सांगत जाईन.’ त्याला काय आवडतं, झोप लागते का, शाळेत जावंसं वाटतं का, इथवर पुरे. मूल आपणहून घटनेबद्दल बोलू लागलं तर थांबवू नका, खोदूही नका. ऐका, आणि त्यात नवं काही असेल, म्हणजे दुसऱ्या कुणाचं नाव किंवा नवी धमकी, तर ‘हे मला कुणालातरी सांगावं लागेल’ असं त्याला तिथेच सांगून समितीला आणि तपास अधिकाऱ्यांना कळवा. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. अत्याचार करणाऱ्या माणसानेही बहुधा असंच गुपिताचं वाक्य वापरलेलं असतं.

मुलगे विसरू नका. पोक्सो १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलगा असो वा मुलगी. मुलग्यांच्या घरी ‘बाहेर कळलं तर काय’ ही भीती वेगळ्या रूपात असते आणि ती मुलाच्या तोंडाला कुलूप लावते. तिथे वेळ जास्त द्या.

पोलीस आणि दवाखाना

तुमची नेमणूक लवकर झाली तर हा टप्पा वाट्याला येतो. काय व्हायला हवं ते ठाऊक असू द्या. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता घ्यायचा असतो. कुठल्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मुलाच्या विश्वासातलं माणूस तिथे असतं. तातडीच्या उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद आणा, असं दवाखान्याला म्हणता येत नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो. जुने कर्मचारी अजून ‘१६४ चा जबाब’ म्हणतात, गोंधळू नका.

काही चुकत असेल तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. कलमाचा आकडा शांतपणे सांगितला की बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर त्याच दिवशी समितीला लेखी कळवा.

घर: इथे जास्त वेळ जातो

आरोपी अनोळखी असेल तर घर सहसा मुलाच्या मागे उभं राहतं. तो काका, सावत्र वडील किंवा आजोबा असेल तर घर दुभंगतं, आणि त्या फटीत मूल असतं. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला तिथे ठेवायचं की नाही याचा निर्णय समितीने तीन दिवसांत घ्यायचा असतो. तुमचं मत विचारलं गेलं तर जे पाहिलं तेच सांगा: घरात कोण असतं, मूल कुठे झोपतं, दाराला आतून कडी आहे का, आई दिवसभर कामावर असते का.

आईला बाजूला घेऊन ऐका. ती एकाच वेळी मुलीची आई आणि आरोपीची बायको किंवा सून असू शकते. घरात पैसा आणणारा हात तुरुंगात गेलेला असतो. तिला ‘खंबीर व्हा’ सांगून काही होत नाही. रेशन, भाडं, मुलाची औषधं यांची सोय झाली की ती आपोआप खंबीर होते, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून पैशाच्या वाटा तोंडपाठ करा. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती रकमेची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत मिळावी असा नियम आहे. विशेष न्यायालय गुन्हा नोंदल्यानंतर कुठल्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकतं; त्यासाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. अर्ज आपोआप पुढे सरकत नाहीत. आवक क्रमांक लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी विचारा.

‘मिटवून घ्या’ म्हणणारे येतातच. भावकीतले, गावातले, कधी स्वतःला हितचिंतक म्हणवणारे. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, हे घरच्यांना पहिल्या महिन्यातच स्पष्ट सांगून ठेवा, दबाव येण्याआधी. धमकी आली तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून पोलिसांना द्या. साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो.

एक वेगळा प्रकार नव्या माणसाला चक्रावून टाकतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, मुलासोबत निघून गेलेली, आई-वडिलांनी गुन्हा दाखल केलेला. तिला आपण पीडित आहोत असं वाटतच नाही, आणि तुम्ही तिच्या लेखी ‘त्यांच्यातल्या’ असता. तिला कुठल्याही बाजूला ओढू नका. कायदा काय म्हणतो ते सरळ सांगा आणि तिची शाळा, तिची तब्येत, घरात तिला मारहाण होते का याकडे लक्ष द्या. तिचं म्हणणं काय आहे ते कोर्टापर्यंत जाईल एवढं बघा.

शाळा

खटल्यापेक्षा शाळा मुलाला लवकर उभं करते. शाळा सुरू राहील किंवा बदलून मिळेल हे बघणं समितीचं काम आहे, पाठपुरावा तुमचा. मुख्याध्यापकांना गरजेपुरतंच सांगा. तुमच्या येण्याने वर्गात कुजबुज सुरू होणार असेल तर शाळेत जाऊच नका.

कागद, फोन आणि गुप्तता

एक वही, कुलपाचं एक कपाट. वहीत गुन्हा रजिस्टर क्रमांक, विशेष खटला क्रमांक, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक), तपास अधिकारी, सरकारी वकील, कोर्टाची पैरवी बघणारे हवालदार यांचे संपर्क, आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते. सीएनआर टाकला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख दिसते, तरी आदल्या दिवशी पैरवी हवालदारांना फोन कराच.

समितीला दर महिन्याला अहवाल द्यायचा असतो, खटला संपेपर्यंत. त्यात मुलाची तब्येत, झोप, भूक, शाळा, घरातली परिस्थिती, समुपदेशन चालू आहे का हे लिहा. घटनेचं वर्णन लिहू नका. ‘मूल आता बरं आहे’ असंही लिहू नका; ‘या महिन्यात अठरा दिवस शाळेत गेली, रात्री दिवा लावून झोपते’ असं लिहा.

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही उघड करणं गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘आपली अमुक गावची केस’ असंही नाही. घरी जेवताना नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. मनावर ओझं होतं तेव्हा संस्थेतल्या ज्येष्ठांशी बोला, नाव न घेता.

जामिनाची तारीख

ही घरच्यांना अनेकदा कळतच नाही आणि एके दिवशी आरोपी गल्लीत दिसतो. जामीन अर्जाची माहिती मुलाच्या बाजूला मिळाली पाहिजे, असं नियम सांगतात, आणि एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्याबद्दल स्पष्ट निर्देश दिले आहेत. सूचना आली नसेल तर विचारत राहा. घरच्यांना भीती वाटत असेल तर ती सरकारी वकिलांमार्फत कोर्टापुढे जाऊ द्या. आरोपीने परिसरात येऊ नये अशी अट घालून घेता येते. आणि जामीन झाला तर ती बातमी मुलाला तुमच्याकडून, घरी बसून, कळली पाहिजे.

साक्षीच्या आधी

कायदा म्हणतो की न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तोवर एका वर्षात खटला संपावा. बरेच खटले त्याहून लांबतात. घरच्यांना दोन्ही सांगा, म्हणजे प्रत्येक ‘पुढच्या तारखे’ला ते खचणार नाहीत.

साक्षीच्या काही दिवस आधी, सरकारी वकिलांच्या संमतीने, मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा. जज कुठे बसतात, लिहून घेणारे कुठे, तू कुठे, मी कुठे. एका मुलाला हातोडीची धास्ती होती, सिनेमात पाहिलेली. आपल्याकडच्या कोर्टात हातोडी नसते हे त्याने टेबलाखाली वाकून स्वतः बघितलं, तेव्हा कुठे तो खुर्चीत बसला. शौचालय आणि पाणी कुठे आहे तेही दाखवा; मुलांच्या डोक्यात हेच प्रश्न असतात. बहुतेक ठिकाणी लहान साक्षीदारांसाठी आता वेगळी खोली किंवा केंद्र आहे, ते आधी बघून या.

साक्षीचा सराव घ्यायचा नाही. उत्तरं सांगायची नाहीत. आधीचा जबाब वाचून दाखवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतील, तुम्ही नाही. तुम्ही मुलाला फक्त या गोष्टी सांगायच्या: जे आठवतं तेच सांग. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हण, ते चालतं. प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हण. तोच प्रश्न पुन्हा आला म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असं नाही. थकलास तर सांग, जज थांबतील. सुरुवातीला जज नाव, शाळा, खरं-खोटं म्हणजे काय असं विचारतील. ती परीक्षा नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं एवढं समजतं असं जजना वाटलं, तर शपथ न देताही साक्ष घेता येते.

साक्षीचा दिवस

डबा, पाण्याची बाटली, चित्राची वही, जास्तीचे कपडे. अकराची वेळ असली तरी संध्याकाळ होईल असं धरून चला. घरच्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते; साक्षीदार भत्ता मिळतो, तो मागून घ्या.

सकाळी लवकर जाऊन आधी एकट्याने चक्कर मारा. आरोपीचे नातेवाईक सहसा कोर्टाच्या दारासमोरच्या बाकावर बसतात. मुलाला दुसऱ्या जिन्याने न्या. एकदा माझ्यासमोर पट्टेवाल्याने पूर्ण व्हरांड्यात मुलीचं नाव पुकारलं. तिने डोक्यावरची ओढणी तोंडावर घेतली आणि त्यानंतर तासभर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तेव्हापासून मी सकाळीच कोर्टाच्या कार्यालयातल्या शिरस्तेदारांना भेटते आणि सांगते: पुकारा करू नका, मला खूण करा, मी घेऊन येते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आत गेल्यावर सुनावणी बंद दालनात असते. मुलाला आरोपी दिसू नये, म्हणून पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय असते. पडदा नीट आहे ना, हे मूल आत येण्याआधी बघा. प्रश्न दोन्ही वकिलांनी जजना द्यायचे आणि जजनी मुलाला विचारायचे, असं कलम ३३ सांगतं. त्याच कलमात वारंवार विश्रांती, विश्वासातल्या माणसाची हजेरी आणि मुलाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्या प्रश्नांना मनाई आहे. प्रत्यक्षात वकील थेट विचारू लागतात. तुम्ही मध्ये बोलू शकत नाही. पण मुलाला पाणी हवंय, बाहेर जायचंय, थोडं थांबायचंय, हे उभं राहून नम्रपणे जजना सांगू शकता. मूल उत्तर देत असताना मान हलवू नका, डोळ्यांनी खुणावू नका, हसू नका. त्याच्या पायांजवळच्या फरशीकडे बघत बसा. मला हे शिकायला वेळ लागला, कारण मूल रडायला लागलं की चेहरा आपोआप बोलतो.

बाहेर आल्यावर ‘छान बोललास’ म्हणू नका. ‘दमलास ना? चल, काहीतरी खाऊ’ म्हणा. आत काय झालं त्याची उजळणी त्या दिवशी कुणीच करू नये, आईनेही नाही.

निकाल, आणि त्यानंतर

निकालाच्या आधी दोन्ही शक्यता मुलाला सांगून ठेवा. शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपील होऊ शकतं. आरोपी सुटला तर मुलाला पहिला प्रश्न पडतो: ‘म्हणजे मी खोटं बोललो का?’ त्याला सांगा की पुरावा पुरेसा वाटला नाही म्हणूनही जज सोडतात. त्याचा अर्थ तू खोटारडा आहेस असा होत नाही. हे एकदा सांगून भागत नाही. निकालाविरुद्ध अपील करायचं का हे सरकारी वकिलांना विचारा, आणि भरपाई निकालावर अवलंबून नाही हे घरच्यांना आठवण करून द्या.

तुमचं जाणंही मुलाला आधी कळायला हवं. शेवटच्या दोन-तीन भेटी आधीच मोजून सांगा: ‘अजून दोनदा येईन.’ तोवर समुपदेशन चालू असेल तर ते थांबणार नाही याची व्यवस्था समितीकडून करून घ्या. मदत लागली तर १०९८ हा क्रमांक त्याला पाठ असू द्या. शेवटचा अहवाल समितीला द्या, तुमच्याकडच्या कागदांच्या प्रती संस्थेच्या नियमाप्रमाणे जमा करा, फोनमधले त्या घराचे मेसेज काढून टाका. कोर्टाच्या बाकावर बसून त्याने काढलेली चित्रं तुमच्या वहीत राहिली असतील, तर ती त्याची त्याला परत द्या.